आवाज तुटतोय

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की त्या सकाळी आमच्या गच्चीवर एकही कावळा नव्हता.

काशीतल्या आमच्या मंगला गौरीच्या गल्लीतल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. आमच्याकडे कावळे पाळल्यासारखे असतात. पापड वाळत घातले तर काठी घेऊन बसावं लागतं. आणि दहाव्याचे पिंड मांडायचा अवकाश, समोरच्या कठड्यावर त्यांची पंगत बसलीच म्हणून समजा. त्या सकाळी कठडा रिकामा होता. चिमणीसुद्धा नाही.

मी मुळात भित्री. विश्वेशदादा म्हणतो, कस्तुरीला कुकरची शिट्टी व्हायच्या आधी नोटीस द्यावी लागते. म्हणून मी पुढे जे लिहितेय त्यातून वाचणाऱ्यानं माझा भित्रेपणा खुशाल वजा करावा. उरेल ते घडलेलं आहे. अंधार पडल्यावर असल्या गोष्टी सांगायचं काम आमच्या घरात बाबांचं. वीज गेली की ते सुरू करतात, "माझ्या ओळखीचा एक नावाडी होता बरं का..." पण ही गोष्ट ते सांगत नाहीत. त्या रात्री ते घरातच होते, तरीही. विषय निघाला की पाणी प्यायला उठतात.

बाबा, म्हणजे श्रीराम गुरुजी, अंत्यविधी आणि श्राद्धाची कामं करतात. घराचे वरचे दोन मजले आम्ही काशीवासाला येणाऱ्या मराठी माणसांना देतो. म्हातारपण काशीत काढायचं, मरण इथंच यावं, म्हणून येतात ती माणसं. निदान तसं ती सांगतात. त्यांतल्या अर्ध्यांना मुलांनी आणून सोडलेलं असतं, हे आम्हाला त्यांच्या सामानावरून कळतं. हौसेनं आलेला माणूस स्वेटर आणतो. सोडलेल्या माणसाच्या पिशवीत असतो घरातला सगळ्यात जुना टॉवेल.

दत्तात्रेयकाका आणि इंदूकाकू पुण्याहून आले तेव्हा दोघांत मिळून एक टॉवेल होता.

दुसऱ्या मजल्यावरची खोली त्यांची. मुलगा अनिमेष पुण्यात, त्यांच्याच फ्लॅटमध्ये. काका रोज रात्री जेवण झालं की त्याला व्हिडिओ कॉल लावायचे. आणि रोज तेच व्हायचं. आमच्या भिंती चुनारच्या दगडाच्या, हातभर जाड. फोनला रेंज मिळते ती खिडकीत मान बाहेर काढल्यावर. वायफायचा डबा तळमजल्यावरच्या बैठकीत, तो जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंतच पोचायचा. दादानं मधे मधे प्लगमध्ये खोचायचे छोटे डबे लावून पाहिले. ते एकमेकांकडून उसनं नेट घ्यायचे आणि शेवटच्याच्या हाती काही उरायचं नाही.

"बाबा, तुमचा आवाज तुटतोय," अनिमेष म्हणायचा. "नंतर करतो मी." आणि फोन ठेवायचा.

काकांचा त्याच्यावर विश्वास होता. दोष भिंतीचा आहे याची त्यांना खात्री होती. ते छत्री घेऊन गच्चीवर जायचे, पत्र्याच्या शेडखाली उभे राहून ओरडून बोलायचे. मग खाली येऊन दादाच्या मागे लागायचे. "विश्वेश, अरे तू एवढा शिकलेला. या भिंतीचं काहीतरी कर ना."

शेवटी दादानं मनावर घेतलं. ठठेरी बाजारातून एक तारवाला आणला. त्यानं भिंतीवर थाप मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दीदी, ये दीवार थोड़ी है, किला है। हवा से नहीं होगा, तार खींचनी पड़ेगी।"

मग तार ओढली. जिन्याखालच्या कपाटात एक पेटी बसवली. तिथून बंद पडलेल्या पाण्याच्या नळाच्या खोबणीतून प्रत्येक मजल्यापर्यंत वेगळी तार गेली. प्रत्येक मजल्याच्या बोळात, छताला, एकेक पांढरी तबकडी बसली, साधारण जेवणाच्या ताटलीएवढी. चौथी गच्चीवरच्या शेडमध्ये, पत्र्याखाली. वीज आणि नेट एकाच तारेतून, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी तबकड्या पेटीच्या छोट्या इन्व्हर्टरवर चालू. प्रत्येकीला बारीकसा निळा दिवा. कोणी काही बोलत-बघत नसेल तर तो शांत. त्या तबकडीतून कोणाचं बोलणं जात असेल तर फडफडतो. चालत वर गेलात तर फोन एका तबकडीकडून दुसरीकडे आपोआप जातो, बोलणं न तुटता.

हे काकांना इतकं आवडलं! पहिल्या रात्री अनिमेषला फोन लावून त्यांनी घरभर वरात काढली. "मी आता तळमजल्यावर आहे. ऐकू येतंय? आता जिना चढतोय... आता दुसरा मजला... आता गच्ची. ऐकू येतंय का रे?"

"हो बाबा. स्पष्ट येतंय," अनिमेष म्हणाला.

काकूंनी त्या रात्री आम्हाला सगळ्यांना साखर दिली हातावर.

त्यानंतर अनिमेषनं फोन उचलणंच बंद केलं.

सबब संपली होती ना. आधी बिचारा दोन मिनिटं तरी बोलायचा.

काका रोज लावत राहिले. पूर्ण वाजून बंद व्हायचा. मग ते बोळात येऊन त्या तबकडीकडे मान वर करून बघत उभे राहायचे. दादाला मात्र एकदाही म्हणाले नाहीत की तुझ्या मशीनमध्ये बिघाड आहे. त्यांना कळलं होतं. आणि आम्हाला कळलंय हे त्यांना कळू नये म्हणून आम्ही सगळे त्या बोळातून जाताना उगाच मोठमोठ्यानं बोलायचो.

श्रावणात गंगा चढली, घाट पाण्याखाली गेले आणि त्याच आठवड्यात काका गेले. झोपेत. अनिमेषचं म्हणणं पडलं की तिकीट मिळत नाही, पूर आहे, ऑफिसात ऑडिट आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या असतील. अग्नी बाबांनी दिला.

दहाव्याला घाट नव्हताच, म्हणून पिंड आमच्या गच्चीवर मांडले. रविवार होता, गोकुळाष्टमी होऊन दोन दिवस झाले होते. अनिमेष व्हिडिओवर होता. फोन मी स्टँडला लावला होता, पिंड नीट दिसतील असा. आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो.

कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय, असं आपल्यात मानतात. मग घरच्यांनी मोठ्यानं बोलायचं असतं. घर नीट ठेवू, धाकटीचं लग्न करून देऊ, काय असेल ते. ते ऐकून तो सुटतो, आणि कावळा शिवतो.

ऊन डोक्यावर आलं. बाबा फोनसमोर वाकले.

"अनिमेषराव, काही राहिलं असेल बघा त्यांच्या मनात. काय राहिलं असेल ते तुम्हाला ठाऊक. एकदा म्हणा, 'आईला सांभाळीन.' एवढंच म्हणा."

काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला, जणू तो त्यांना बघणार होता.

अनिमेष आमच्याकडे बघत होता. चित्र इतकं स्वच्छ होतं की त्याच्या चष्म्यात त्याच्या खिडकीचा चौकोन दिसत होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुमचा आवाज तुटतोय."

मी वर पाहिलं. पत्र्याखालच्या तबकडीचा दिवा छान फडफडत होता. काही तुटत नव्हतं.

"आईला सांभाळीन, म्हणा," बाबा मोठ्यानं म्हणाले.

"हॅलो? काही कळत नाहीये. ते दर्भाचा कावळा करतात ना, तो करून टाका. चालतं ते. मी ठेवतो."

चालतं, हे खरं आहे. कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून पिंडाला लावतात. बाबांनी दर्भ वळला. त्यांच्या हातून गाठ दोनदा सुटली. मला वाटलं वयामुळे. मग त्यांचा चेहरा बघितला. तो राग होता.

"त्याला मीटिंग असेल," काकू म्हणाल्या.

एवढं म्हणून त्या उठल्या आणि खाली जाऊन आडव्या झाल्या. त्यांना आम्ही आधीच तळमजल्यावरच्या खोलीत आणलं होतं. दुपारी मी ताट नेलं तर नको. पाणी नेलं तर ओठ मिटलेले.

"काकू, घोटभर तरी."

"ते अडकलेत गं," त्या म्हणाल्या. "मी पाणी कसं पिऊ?"

त्यांना मधुमेह. संध्याकाळी डॉक्टर आले, सलाईन लावलं. डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत काकूंनी सुई उपसून टाकली. डॉक्टरांनी फोनवर बाबांना सांगितलं की सकाळपर्यंत असंच राहिलं तर माझी जबाबदारी नाही. बाबा त्यांच्याशेजारी बसून समजावत राहिले. "अहो, आम्ही आहोत ना. आम्ही कुठं तुम्हाला टाकतोय?"

काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुमचं नाही हो. त्यांना त्याच्या तोंडून ऐकायचं होतं."



अनिमेषचा मेसेज दुपारीच आला होता माझ्या फोनवर. "थँक्स फॉर एव्हरीथिंग. आईसाठी तिकडेच एखादा आश्रम बघून ठेवाल का?" खाली जोडलेले हात. मी तो काकूंना दाखवला नाही. बाबांना दाखवला. बाबांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "लाव त्याला फोन. उचलेपर्यंत लाव."

दादा यात्रेकरूंना घेऊन प्रयागला गेला होता, आई नागपूरला मावशीकडे. पुरामुळे वरचे मजले रिकामे. घरात आम्ही तिघंच.

रात्री अकराच्या सुमाराला वीज गेली. काकूंच्या उशाशी बाबांनी समई लावली. मी फोन घेऊन, दार लोटून बाहेर आले आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. आत बसून लावला असता तर न उचललेला प्रत्येक फोन काकूंना ऐकू आला असता.

आमचा जिना चौकोनी. मधे पोकळी आहे, खालून वर पाहिलं तर थेट गच्चीच्या जाळीच्या दारापर्यंत दिसतं. काळोखात तेवढे चार निळे ठिपके. एक माझ्या डोक्यावर. एक पहिल्या मजल्याच्या बोळात. एक दुसऱ्या. आणि अगदी वर, जाळीपलीकडे, पत्र्याखालचा.

मी लावत राहिले. वाजायचा. पूर्ण वाजायचा. बंद व्हायचा. आधी मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, 'अनिमेषदादा, तुमची आई...' मग नुसती शिवी जुळवायला लागले. मग तेही सुचेना. बारा वाजून गेले. हात दुखायला लागला. मी फोन मांडीवर पालथा ठेवला आणि डोळे मिटले. जरा वेळच.

डोळे उघडले तेव्हा डोक्यावरचा दिवा शांत होता. असणारच, मी कुठे लावत होते? पहिला मजला शांत. दुसरा शांत.

गच्चीवरचा फडफडत होता.

मला वाटलं, वारा. दिव्याला वारा लागत नाही, हे मग लक्षात आलं.

कोणीतरी वापरतंय. हा माझा पहिला विचार, अगदी दादासारखा. शेजाऱ्याचा फोन पकडला असेल. पासवर्ड कोणीतरी वाटला असेल. असं होतं. मी स्वतःला समजावत होते आणि वर बघत होते, आणि बघता बघता मला त्यातला ठेका दिसायला लागला. जरा वेळ फडफड. मग थांबलेला. मग फडफड. मग थांबलेला. कोणी व्हिडिओ बघत असेल तर दिवा असा थांबत नाही.

हे बोलणं होतं. थोडं बोलायचं... आणि उत्तराची वाट बघायची.

पुन्हा बोलायचं. पुन्हा वाट.

"बाबा," मी हाक मारली. ती दारापर्यंतही पोचली नाही.

गच्चीवरचा दिवा शांत झाला.

आणि दुसऱ्या मजल्यावरचा सुरू झाला.

तोच ठेका. त्याच बोळात, त्याच खोलीसमोर. तिथे तो बराच वेळ राहिला. एवढा वेळ की मला वाटलं, झालं, इथंच थांबणार. त्या खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्याच कमरेला होती. ती थंड लागत होती, की माझाच हात थंड होता...

दुसरा मजला शांत.

पहिला.

पावलं नव्हती. जिन्याची तिसरी पायरी कायम वाजते, ती वाजली नाही. काहीच वाजलं नाही. पहिल्या मजल्यावर बोलणं. थांबणं. बोलणं.

थांबणं.

मी उठले नाही. पळावं असं वाटत होतं, पण पळायचं कुठे? दार उघडायला माझी पाठ जिन्याकडे झाली असती.

पहिला मजला शांत झाला.

माझ्या डोक्यावर...

मी वर पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर निळा उजेड थरथरत होता. माझी सावली थरथरत होती. माझा फोन मांडीवर पालथा पडला होता, बंद. मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला. डोळे मिटले तरी पापण्यांवर ते निळं दिसत होतं. थोडं बोलणं. वाट बघणं. आणि तेव्हा, का कोण जाणे, मला ते ऐकू आल्यासारखं कळलं. कानानं नाही. त्या ठेक्यातूनच. आता तळमजल्यावर आलो. ऐकू येतंय? ऐकू येतंय का रे?

कोणीच उत्तर देत नव्हतं.

मला इतकी भीती वाटत होती, आणि मी रडत होते ते भीतीनं नव्हतं.

"काका," मी म्हणाले. "मी लावतेय हो. तो उचलत नाही."

भिंतीवरचा उजेड थांबला.

मग जिन्याखालच्या कपाटातून, फटीतून, हिरवं काहीतरी चमकलं. तिथे पेटी आहे. चार तबकड्यांच्या चार तारा तिथे येतात, आणि एकच तार बाहेर जाते, भिंतीतून, गल्लीतल्या खांबाकडे. त्या एका तारेचा दिवा पेटला होता. आता ठेका नव्हता. थांबणं नव्हतं. नुसता सलग, वेडापिसा, असा की कपाटाच्या फटीतून जमिनीवर हिरवी रेघ ओढल्यासारखी दिसत होती.

मग ती रेघ विझली.

चारही निळे ठिपके शांत. घर एकदम मोठं वाटायला लागलं. रिकामं झाल्यासारखं.

आत काकूंचा आवाज आला. संध्याकाळपासून न बोललेल्या काकूंचा. घसा कोरडा, पण शब्द स्वच्छ.

"निघाले," त्या म्हणाल्या.

"कोण?" बाबांनी विचारलं.

बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

मी दारात जाऊन पाहिलं. बाबांच्या हातात पाण्याचं फुलपात्र होतं. काकूंचे ओठ अजून मिटलेले. त्या छताकडे बघत होत्या आणि कान देऊन होत्या, पाहुणा पोचल्याचा फोन यायचा असावा तशा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मानेनंच खूण केली. लाव.

मी तिथंच, उंबऱ्यात उभं राहून, अनिमेषचा नंबर लावला.

एकच रिंग गेली. तीही पुरती नाही.

त्यानं उचलला.

हॅलो म्हणाला नाही. चित्र काळं होतं, दिवे घालवलेली खोली. त्याचा श्वास ऐकू येत होता, धावून आल्यासारखा. मी काही बोलायच्या आत तो कुजबुजला. पांघरुणाखालून बोलावं तसं.

"सांभाळीन. आईला सांभाळीन. उद्याच येतो, घेऊन जातो तिला, सांग तिला... कस्तुरी, ऐकू येतंय ना?"

"येतंय," मी म्हणाले.

"मग बाबांना सांग ना गं. मी मघापासून म्हणतोय, ते ऐकत नाहीयेत. त्यांना म्हणावं... माझ्या खोलीच्या छतावरून खाली उतरा."